महासंघाच्या बंदुका

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन धंतोलीत करायचं ठरलं. दवाखान्याचा पत्ता भाच्यानं मोबाइलवर पाठवला होता, तो मी नीट वाचलाही नव्हता. धंतोलीत आता दवाखान्याला लागून दवाखाना. वणीकडून, गोंदियाकडून आलेली माणसं फाटकासमोरच डबे उघडून बसलेली असतात. ऑटो थांबला, मी आईला हाताला धरून उतरवलं आणि गाड्या लावायच्या जागेतून आत निघाले. जनरेटरच्या मागून जाताना चपलेखाली एकदम वेगळं काहीतरी लागलं. बाकी सगळीकडे चकचकीत फरशी होती. कोपऱ्यात मात्र चटईएवढा लाल कोबा शिल्लक होता, भेगाळलेला, तरीही गुळगुळीत. मी थांबले.

"काहून थांबली वं?" आईनं विचारलं.

"काही नाही. चल."

आईला आत नेलं, पिवळा गाऊन घातला, डोळ्यात थेंब टाकले. मग मला बाहेर खुर्चीवर बसवून तिला घेऊन गेले. दवाखान्याचा तो फिनेलचा, स्पिरिटचा वास नाकात भरला होता, आणि त्याच्या आडून दुसरा एक वास हळूहळू वर येत होता. बंदुकीच्या तेलाचा. पितळ घासायच्या पॉलिशचा. ओल्या कॅनव्हासचा. तो लाल कोबा महासंघाच्या बंगल्याचा व्हरांडा होता.

महासंघ म्हणजे देशभरातल्या सैनिकी शिक्षणसंस्थांचा महासंघ. चीनच्या लढाईनंतर गावोगावी अशा संस्था निघाल्या होत्या. फौजेतून निवृत्त झालेली माणसं सकाळ-संध्याकाळ पोरांना कवायत शिकवायची, नकाशा वाचायला शिकवायची, नेम धरायला शिकवायची. तयार झालेली पोरं भरतीला उभी राहायची. या सगळ्या संस्था एकत्र येऊन महासंघ झाला, आणि देशाच्या मधोमध म्हणून त्याची कचेरी नागपुरात आली. धंतोलीतल्या एका म्हाताऱ्या वकिलांनी आपला बंगला त्यासाठी उघडून दिला. अध्यक्ष होते एक निवृत्त कर्नल. उंच, किंचित वाकलेले, मराठी अगदी पुस्तकासारखं बोलायचे. आणि माझे बाबा, फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले, नागपूरच्या संस्थेचे उस्ताद होते.

बाबा घरी फार बोलत नसत. त्यांचा आवाज आम्ही मैदानावरच ऐकला. वस्तीतल्या विहाराच्या अंगणात ते पहाटे वंदनेला बसत, तेव्हा शेजारच्यालाही त्यांचे शब्द ऐकू जात नसत. पण मैदानावर "सावधान" म्हटलं की पलीकडच्या शेतातले बगळे उडायचे.

ते मैदान हुडकेश्वरच्या पुढे होतं. हुडकेश्वर तेव्हा गावच होतं. तुरीची शेतं, संत्र्याचे बगीचे आणि मधून बैलगाडीची वाट. थंडीत तिथं महासंघाचं शिबिर भरायचं. पंजाबातून, केरळातून, बंगालमधून संस्था यायच्या. अजनी स्टेशनवर उतरून पेट्या डोक्यावर घेऊन पोरं रांगेनं चालत मैदानावर यायची. तंबू लागायचे. पहाटेच्या धुक्यात तंबूंचे फक्त शेंडे दिसायचे आणि त्यातून कुणाचं तरी खोकणं, कुणाचं रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारणं, कुणाचं मल्याळीत गुणगुणणं ऐकू यायचं. आई घरून तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडून पाठवायची. पंजाबच्या संस्थेचे एक सरदार उस्ताद होते, त्यांना त्या फार आवडायच्या. सोलायच्या कशा हे त्यांना कधीच जमलं नाही. सालासकट तोंडात घालायचे आणि दातांनी ओढून काढायचे. "भाभीजी को बोलना, अगले साल और ज्यादा," असं मला सांगायचे. मी तेव्हा फ्रॉकातली पोर. एवढ्या मोठ्या पगडीचा माणूस माझ्याशी बोलतो, याचंच अप्रूप.

मैदानाच्या एका टोकाला अर्धगोलात प्रत्येक संस्थेचा झेंडा लागायचा. प्रत्येकाचा बांबू वेगळा, रंग वेगळा. संध्याकाळी झेंडे उतरवताना बिगुल वाजे, आणि कोणाचं काम कुठंही चालू असो, तिथंच थांबायचं. मेसमध्ये पोळी लाटणाऱ्या बायासुद्धा लाटणं धरून उभ्या राहायच्या. त्या क्षणी संत्र्याच्या बगीच्यावरून येणारा वारा मला अजून आठवतो. थंड, आणि किंचित कडवट.

पासष्टच्या लढाईत आणि पुन्हा एकाहत्तरमध्ये महासंघाची पोरं सीमेवर होती. बंगल्यावर त्यांची पोस्टकार्डं यायची. "उस्ताद, इथं थंडी लई हाये, पण तुमच्या मैदानाएवढी नाही." बाबा ती वाचून खिशात ठेवत. एक पोर परत आलं नाही. उमरेडकडचं होतं. त्याची माय बंगल्यावर आली, व्हरांड्यात बसली. बाबा तिच्यासमोर खाली बसले. ती दोघं काय बोलली ते मला माहीत नाही. जाताना ती एवढंच म्हणाली, "तुमी त्याले चांगलं शिकवलं होतं गा भाऊ." बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

एकाहत्तरच्या लढाईनंतर मुलींची तुकडी निघाली. मी मॅट्रिकला होते. आईला ते मुळीच पटलं नाही.

"पोरीले बंदूक काहून पाहिजे?" ती चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली. "उद्या कोनी मागणी घालाले आलं तं काय सांगू, कवायत येते म्हणून?"

"सांगजो," बाबा म्हणाले.

"तुमाले सगळं सोपं वाटते. तुमचा महासंघ तुमाले खाऊन राहिला, आता पोरीले बी खाईल."

बाबांनी पायातले बूट काढले, पॉलिश काढलं आणि बूट घासायला बसले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी तयार होऊन दारात उभी राहिले तेव्हा आईनंच माझी वेणी घट्ट घालून दिली. इतकी घट्ट, की डोळे ताणले गेले.

आमच्या बंदुका जुन्या थ्री-नॉट-थ्री होत्या. फौजेनं काढून टाकलेल्या, नळीला भोक पाडून निकामी केलेल्या, फक्त कवायतीपुरत्या. त्यातून गोळी सुटणं शक्यच नव्हतं. पण बाबा त्यांना रोज तेल लावायला लावत. दोरीला चिंधी बांधून नळीतून ओढायची, लाकडाला जवसाचं तेल चोळायचं, पितळ घासायचं. शोभा नावाची माझी मैत्रीण होती, ती एकदा म्हणाली, "उस्ताद, हे तं चालत बी नाही, मंग एवढं काहून?" बाबा म्हणाले, "ते चालत नाही, हे तुले माहीत हाये. बंदुकीले माहीत नाही." आम्ही हसलो. बाबा हसले नाहीत.

पहिल्या थंडीत खांद्याचं कातडं निघालं. दुसऱ्या थंडीत मी तुकडीची पुढारी झाले. शिबिराच्या शेवटी कर्नलसाहेबांनी मला जवळ बोलावलं. "सुभेदार," ते बाबांना म्हणाले, "पुढच्या वर्षी या मुलीला आपण प्रशिक्षक नेमू. महासंघाची पहिली महिला प्रशिक्षक. दक्षिणेतल्या संस्था मुलींच्या तुकड्या काढणार आहेत, तिथे हिला पाठवता येईल." बाबा "जी साहेब" म्हणाले. घरी येताना सायकलवर मी पुढच्या नळीवर बसले होते, मोठी होऊनही. बाबा पायडल मारताना काहीतरी पुटपुटत होते. नंतर लक्षात आलं, ते गाणं म्हणत होते. बाबांना गाणं येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुढच्या थंडीत पंजाब आलं नाही.

काय बिनसलं, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आता विचारायला कोणी उरलं नाही. सरकारची स्वतःची छात्रसेना शाळा-कॉलेजांत पोचली होती. कुठं दोन संस्थांचं आपसात पटेना. कुठं जुने उस्ताद गेले आणि नवे आले नाहीत. कारणं बरीच असतील. मला दिसलं ते एवढंच, की अर्धगोलातल्या झेंड्यांमध्ये मोकळी जागा पडली. आदल्या वर्षी बांबू रोवलेला खड्डा तसाच होता, त्यात गवत उगवलेलं. बाबांनी उरलेले झेंडे सरकवून जवळ आणायला नकार दिला. "जागा राहू द्या त्याईची," म्हणाले. त्याच्या पुढच्या थंडीत खड्डे जास्त होते आणि झेंडे कमी. मेसमध्ये मोठं पातेलं काढलंच नाही. संध्याकाळी बिगुल वाजला, तेव्हा थांबायला माणसंच फार नव्हती.

माझ्या नेमणुकीचं कोणी काढेना. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर बाबांना उत्तर द्यावं लागलं असतं. मी कॉलेजात जात होते, पहाटे मैदानावर जात होते, आणि घरी आलं की आई काही बोलणार म्हणून आधीच कावून बसत होते. आई मात्र त्या दिवसांत काही बोलत नव्हती. ते जास्त भीतिदायक होतं. बाबा पहाटे उठून ओट्यावर बसायचे, चहा कपात तसाच थंड व्हायचा. आई तो परत गरम करून आणायची आणि शेजारी ठेवून जायची.

मग एका उन्हाळ्यात बंगल्यावर बैठक बोलावली. लांबलांबच्या संस्थांची मोजकी माणसं आली. शोभा आणि मी चहा द्यायला होतो. वाळ्याचे पडदे लावले होते, त्यावर पाणी मारलेलं, तरी खोली तापलेली. कर्नलसाहेबांनी ठराव वाचून दाखवला. त्यात 'विसर्जन' हा शब्द होता. आम्हाला तो रोजचा शब्द. कवायत संपली, की बाबा "विसर्जन" म्हणायचे आणि आम्ही उजवीकडे वळून पळायचो, विहिरीवर, पाण्याकडे. त्या दिवशी तो ऐकून शोभानं माझ्याकडे पाहिलं.

मग बोलणी सुरू झाली. एक जण म्हणाले, सरकारकडे सोपवून द्या. दुसरे म्हणाले, सरकार घेईल कशाला. तिसरे म्हणाले, नावातलं 'सैनिकी' काढून टाका, क्रीडा मंडळ करा, म्हणजे टिकेल. आवाज चढले. कर्नलसाहेब टेबलावर बोटं टेकवून बसले होते. बाबा सभासद नव्हते. ते दाराशी उभे होते, गणवेशात, टोपी बगलेत धरून.

"सुभेदार," कर्नलसाहेब अचानक म्हणाले, "तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

"साहेब, मले ठराव समजत नाही," बाबा म्हणाले. "एकच विचारतो. उद्या सकाळी पोरं-पोरी मैदानावर येतील. त्याईले काय सांगू?"

वाळ्यातून पाणी ठिबकत होतं. मग कोणीतरी घसा साफ करून म्हणालं, आज घाई नको, पुढच्या बैठकीत ठरवू. सगळ्यांना ते बरं वाटलं. चहाचा दुसरा कप मागवला गेला. पुढची बैठक झालीच नाही. महासंघ त्या दिवशी विसर्जित झाला नाही, आणि नंतरही कधी झाला नाही. तो तसाच लटकत राहिला.

बंदुकांचं मात्र ठरलं. परवाना संपला होता आणि नव्यानं मिळणार नव्हता, म्हणून त्या पोलीस लाइनीत जमा करायच्या होत्या. कर्नलसाहेबांनी बाबांना बोलावून सांगितलं, रविवारी सकाळी ट्रक येईल, त्यात चढवून द्या.

"ट्रक नको साहेब," बाबा म्हणाले.

"का?"

"लाकडं भरल्यासारख्या नाही जाणार त्या. आमी खांद्यावर घेऊन जातो."

कर्नलसाहेबांनी टेबलावरचा कागद पुढे ओढला. "परवानगी काढावी लागेल."

"काढा साहेब. एवढं करा."

त्यांनी ती काढली. बहुधा महासंघासाठी त्यांनी केलेलं ते शेवटचं काम.

त्या रविवारी आम्ही सगळे बंगल्यावर जमलो. आदल्या दिवशी दिवसभर व्हरांड्यात बसून बंदुका साफ केल्या होत्या. चिंधी नळीतून ओढताना शोभा रडत होती आणि ओढत होती. उरलेली मुलं पुढे, आम्ही मुली मागे. मुलींची संख्या जास्त होती. बाबा सगळ्यांच्या पुढे. त्यांनी छातीवर पदकं लावली होती, जी ते फक्त सव्वीस जानेवारीला लावत. त्यांनी आम्हाला काही भाषण केलं नाही. फक्त रांगेतून फिरत प्रत्येकाचा पट्टा तपासला. माझ्यापाशी आले, माझ्या बंदुकीच्या पट्ट्याचं बक्कल बोटानं पुसलं आणि पुढे गेले.

धंतोलीतून निघून आम्ही बर्डीच्या रस्त्याला लागलो. उन्हं कोवळी होती. बूट एकत्र पडत होते. दुकानं उघडत होती, कोणी फुटपाथ झाडत होतं, पोह्याच्या गाडीपाशी माणसं उभी होती. त्यांनी आम्हाला पाहिलं. आधी एक-दोघं थांबले, मग गर्दी झाली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्या रस्त्यानं वाजवल्या. "पोरी पाहा कशा चालून राहिल्या," असं एक बाई मोठ्यानं म्हणाली. फुलांच्या टोपलीवाल्यानं मूठभर शेवंती उधळली. कुणी 'भारत माता की जय' म्हणालं. त्यांना वाटलं, कसलं तरी संचलन आहे. कसलं आहे, हे कोणी विचारलं नाही. आमचे चेहरे सरळ, नजर समोर. माझ्या शेजारी शोभाच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसता येत नव्हतं, हात बंदुकीवर होता. इतक्या टाळ्या आम्हाला शिबिराच्या चांगल्या दिवसांतही कधी मिळाल्या नव्हत्या.

पोलीस लाइनीत शस्त्रागारासमोर आम्ही थांबलो. आतून एक हवालदार आला, घाईत असावा. त्यानं पहिल्या मुलाच्या हातातून बंदूक घेतली, उलटसुलट पाहिली आणि मागच्या ढिगावर टाकली. लाकडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला.

"फेकू नको गा," बाबा म्हणाले.

"सुभेदारसाहेब, भोक पाडेल बंदुका हायेत ह्या. कोनाले लागतात?"

"मले लागतात."

हवालदारानं बाबांकडे पाहिलं, पदकांकडे पाहिलं. मग तो बाजूला झाला. "ठेवा मंग तुमीच," म्हणाला. एकेक जण आत गेलो. भिंतीला टेकवून, एकीशेजारी एक, नळ्या वर करून बंदुका उभ्या केल्या. माझी ठेवली तेव्हा दस्त्यावर माझ्या हाताचा घाम उमटलेला दिसला. शेवटी बाबा आत गेले. बाहेर यायला त्यांना वेळ लागला.

"याईले पावसाळ्यात तेल लावाल ना?" त्यांनी हवालदाराला विचारलं.

"पाहू," तो म्हणाला. मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "लावतो साहेब."

परत येतानाही बाबांनी आम्हाला रांगेतच आणलं. हात रिकामे होते, आणि त्या हातांचं काय करायचं ते कोणालाच कळत नव्हतं. उन्हं वर आली होती. रस्ता तोच, माणसंही तीच असतील, पण आता कोणी थांबलं नाही. रस्त्यावरच्या शेवंतीवरून सायकली जात होत्या.

बाबा त्यानंतरही मैदानावर जात राहिले. आधी आम्ही काही जणी जायचो, मग आमच्यातल्या एकेकीची लग्नं झाली. मला एका शाळेत शारीरिक शिक्षणाची नोकरी लागली. बाबांनी पेढे वाटले, पण डोळे दुसरीकडे होते. बंगला वकिलांच्या मुलांनी परत घेतला. कर्नलसाहेब मुलाकडे पुण्याला गेले आणि तिकडेच वारले. मैदानावर घरांच्या लेआउटचे चुन्याचे पट्टे पडले, तेव्हा बाबा सायकल घेऊन गेले आणि लवकर परत आले. त्या दिवसापासून ते विहाराच्या अंगणातच जास्त वेळ बसू लागले. महासंघाचं पुढं काय, हे त्यांना शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. आजारपणात कधीतरी मला विचारायचे, "बैठकीचं काही आलं काय?" मी म्हणायचे, "येईल बाबा." दुसरं काय म्हणणार होते?

नर्सनं हाक मारली. आईला बाहेर आणलं होतं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, पलंगावर टेकून बसलेली, हातात बिस्किट. दुपार झाली होती. खिडकीबाहेर रुग्णवाहिका मागे सरत होती.

"आई," मी म्हटलं, "ही जागा कोणती, माहीत आहे?"

"महासंघाचा बंगला," ती म्हणाली. "तू थांबली तेव्हाच समजलं मले."

महासंघ हा शब्द तिच्या तोंडून कधीही सरळ आला नव्हता. तो कायम 'तुमचा महासंघ' असा यायचा. तिनं बिस्किटाचा तुकडा मोडला आणि खाल्ला नाही.

"बंदुका नेल्या ना तुमी, त्या दिवशी," ती म्हणाली, "मी बर्डीत उभी होती."

"तू?"

"हो वं. पोहेवाल्याच्या मागं. घरी बसवेना मले. लोकं टाळ्या वाजवून राहिले होते. त्याईले काय माहीत, काहून चालले तुमी. मले माहीत होतं." ती जरा थांबली. "मंग मी बी वाजवल्या. म्हटलं, कोनीतरी समजून वाजवाव्या."

एवढी वर्षं त्या टाळ्यांचा मला राग होता.

"बाबांना सांगितलंस कधी?"

"सांगाचं काय? पाहिलं ना त्याईनं मले." आईनं उघड्या डोळ्यानं खिडकीकडे पाहिलं. "मान नाही वळवली. पण पाऊल चुकलं त्याईचं."

मी त्यांच्याच मागे रांगेत चालत होते. मला ते दिसलं नव्हतं.